बट, हाउएव्हर, ऑलदो… सगळे 'पण'च ना?

प्रश्न : मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग डिग्री. कामाची अडचण नाही. पण जर्मनीतल्या ग्राहकाची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि त्यावरचे उपाय मांडणारा आठ टप्प्यांचा अहवाल) आणि सोबतची मेल मलाच इंग्रजीत लिहावी लागते. नवीन साहेब आलेत, ते माझा मजकूर लाल करून परत पाठवतात. गेल्या वेळी 'लाइन वनवर रिजेक्शन वाढलं. ऑन द कॉन्ट्ररी, लाइन टूवर कमी झालं' अशा अर्थाचं वाक्य होतं, त्यातलं 'ऑन द कॉन्ट्ररी' खोडलं. 'ऑलदो'च्या वाक्यातलं पुढचं 'बट' खोडलं. 'डिस्पाइट ऑफ'मधलं 'ऑफ' खोडलं. आणि 'द गेज वॉज कॅलिब्रेटेड इन मे. बट द ऑपरेटर युज्ड द ओल्ड वन' या माझ्या दोन वाक्यांचं (गेज म्हणजे माप तपासायचं साधन) एक करून, मध्ये कॉमा देऊन 'बट'च्या जागी 'हाउएव्हर' घातलं. शब्दकोश उघडला तर सगळ्यांपुढे 'पण, परंतु, तरी' एवढंच. शाळेत बाई सांगायच्या की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, म्हणून मी हे शब्द आलटूनपालटून वापरते. अर्थ एकच असेल तर चुकतंय कुठे? की सरळ सगळीकडे 'बट'च लिहू?
— लाल शाईला कंटाळलेली, चाकण

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, शंका असेल तिथे बिनधास्त 'बट' लिहा. विरोध दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांत सगळ्यात सोशिक तोच. दोन वाक्यांत कसलाही विरोध असो, तो सांभाळून घेतो. तुमचं घोडं अडतंय ते आलटूनपालटून वापरण्यापाशी. निबंधात 'सुंदर' दोनदा आलं तर तिसऱ्यांदा 'रम्य' लिहा, इथपर्यंत बाईंचं बरोबर. पण ड्रॉइंगमध्ये 'बोअर' (गोल भोक) हा शब्द चारदा आला म्हणून पाचव्यांदा तुम्ही तिथे 'स्लॉट' (लांबट खाच) लिहिणार नाही. जोडणाऱ्या शब्दांचंही तसंच आहे. शब्द बदलला की दोन वाक्यांमधलं नातं बदलतं, आणि वाचणारा ते नातं खरं धरून पुढे जातो.

शब्दकोशावर रागावू नका. तो अर्थ सांगतो, वाक्यात कुठे आणि कशासाठी बसायचं हे सांगायला त्याच्याकडे जागा नसते. आणि खरं म्हणजे हे फरक तुम्हाला येतात. 'पण', 'मात्र', 'तर', 'उलट', 'असूनही', 'जरी… तरी' यांतलं कुठलं कधी वापरायचं, हे तुम्हाला कुणी बसवून शिकवलेलं नाही आणि मराठीत तुम्ही त्यात चुकतही नाही. म्हणून इंग्रजी शब्दांचा तक्ता देत बसत नाही. तुमच्या मराठीलाच धरून जाऊ. एक मात्र लक्षात घ्या : साहेबांची लाल शाई नेमकी तिथे पडली आहे, जिथे मराठीचा एक शब्द दोन कामं करतो आणि इंग्रजीने त्या दोन कामांना दोन वेगळी माणसं ठेवली आहेत.

'उलट' हे त्याचं पहिलं उदाहरण. 'लाइन एकवर रिजेक्शन वाढलं, उलट लाइन दोनवर कमी झालं' हे मराठीत अगदी नीट बसतं. इथे 'उलट' दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक दाखवतो. पण 'उलट'चं दुसरंही काम आहे. 'दमलात का?' 'छे, उलट ताजंतवानं वाटतंय.' इथे तुलना नाही, आधीच्या म्हणण्याला नकार आहे. 'ऑन द कॉन्ट्ररी' फक्त हे दुसरं काम करतो. त्यामुळे तुमचं वाक्य वाचणाऱ्याला असं वाटतं की लाइन वनबद्दल आत्ताच सांगितलेलं तुम्ही परत घेताय, आणि मग पुढे लाइन टूचं काय आलं म्हणून तो गोंधळतो. खूण सोपी आहे. त्या जागी मनात 'छे' म्हणून बघा. 'छे' बसलं तर 'ऑन द कॉन्ट्ररी' बसेल, नाही तर नाही.

हा शब्द तुम्हाला लागणारच नाही असं नव्हे. ग्राहकाने लिहिलं की तुम्ही तपासणी ढिली केलेली दिसते, तर उत्तर द्या : 'वी हॅव नॉट रिलॅक्स्ड द इन्स्पेक्शन. ऑन द कॉन्ट्ररी, वी नाऊ चेक एव्हरी पीस.' छे, ढिली कसली, आता तर एकेक नग तपासतो. इथे दुसरा कुठलाही शब्द इतका चपखल बसणार नाही. आणि तुमचा ग्राहक जर्मन आहे, त्याला ही चूक इतरांहून जास्त टोचेल, कारण त्याच्या भाषेत 'पण'लाच दोन वेगळे शब्द आहेत. साध्या विरोधाला 'आबर', आणि 'हे नव्हे, ते' अशा दुरुस्तीला 'झोंडर्न'. स्पॅनिशमध्येही तसेच 'पेरो' आणि 'सिनो'. आपण दुरुस्तीला 'नव्हे तर' म्हणतो, इंग्रजी मात्र दोन्हींकडे 'बट'वर भागवते.

मग दोन लाइन्सच्या त्या वाक्यात काय लिहायचं? मराठीत विचार करताना तिथे 'तर' आलं असतं का बघा. 'मोठी डॉक्टर झाली, तर धाकटी शेती बघते.' कुणाला आश्चर्य नाही, कुणाचं कुणाशी भांडण नाही, नुसतं शेजारी ठेवलंय. असा 'तर' म्हणजे इंग्रजीतलं 'व्हेअरॅझ' किंवा 'व्हाइल'. 'रिजेक्शन वेंट अप ऑन लाइन वन, व्हेअरॅझ इट वेंट डाउन ऑन लाइन टू.' दोन स्वतंत्र वाक्यंच ठेवायची असतील तर दुसऱ्याच्या सुरुवातीला 'बाय कॉन्ट्रास्ट' घाला. 'व्हाइल'चा एक धोका आहे, तो 'त्या वेळी' या अर्थानेही येतो. 'व्हाइल लाइन वन वॉज रनिंग, लाइन टू वॉज स्टॉप्ड' यात तुम्ही तुलना करताय की वेळ सांगताय? ज्या रिपोर्टात कुठल्या शिफ्टला काय चालू होतं यावर सगळं ठरतं, तिथे ही संदिग्धता नको. 'ऑन द अदर हँड' हे आपल्या 'एकीकडे… दुसरीकडे'च्या जवळचं. एकाच गोष्टीच्या दोन बाजू तोलताना ते शोभतं : व्हेंडर स्वस्त आहे, दुसरीकडे माल वेळेवर देत नाही. दोन वेगळ्या लाइन्सना ते लावणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्यावरून कुणाशी वाद घालणार नाही.

(जाता जाता. 'व्हेअरॅझ' तुम्हाला करारांच्या सुरुवातीलाही दिसेल, एकाखाली एक परिच्छेद त्याच शब्दाने सुरू होणारे. तिथे विरोध अजिबात नसतो. ते आपल्या सरकारी अधिसूचनांमधलं 'ज्याअर्थी… त्याअर्थी' आहे. कायद्याच्या भाषेत आणखी एक गंमत आहे : कलमाला जोडलेली अट किंवा अपवाद 'परंतु' या शब्दाने सुरू होतो, म्हणून त्याला मराठीत नावच 'परंतुक' पडलं. आणि 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'अमुक कलमात काहीही असले तरी'. संविधानाचं कलम ३७० याच शब्दाने सुरू होत होतं. तुमच्या मेलमध्ये या शब्दाचं काही काम नाही.)

आता 'ऑलदो' आणि 'बट'. ही चूक मराठी माणसाची हक्काची आहे, कारण आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो. नीट पाहिलं तर मराठी 'जरी' गाळू देते, 'तरी' गाळू देत नाही : 'पाऊस होता तरी गेलो' चालतं, 'जरी पाऊस होता, गेलो' हे कानाला अर्धवट वाटतं. इंग्रजीचा कायदा बरोब्बर फिरवलेला आहे. ती पहिला शब्द ठेवते आणि दुसरा काढून टाकते. म्हणून 'ऑलदो'चं अर्धं संपलं की स्वल्पविराम, आणि 'बट' नाही. 'तरी'साठी हात फारच शिवशिवला तर क्रियापदाच्या अलीकडे 'स्टिल' घाला. 'ऑलदो द लॉट वॉज लेट, वी स्टिल चेक्ड एव्हरी पीस.' हे शुद्ध आहे आणि 'तरी'ची तहानही भागते.

व्याकरण एवढंच. पण 'ऑलदो' आणि 'बट' यांच्यातला खरा फरक वजनाचा आहे, आणि तो साहेबांच्या लाल शाईला दिसत नाही. शाळेत आपण 'पण'ला न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ केलं होतं, आठवतंय? पहिल्या वाक्यात काही उणं आहे असं दाखवणारं. नाव अवघड आहे, पण नेमकं आहे. 'फ्लॅट छोटा आहे पण स्टेशनजवळ आहे' म्हणणारा घेण्याच्या बाजूला झुकलाय, 'स्टेशनजवळ आहे पण छोटा आहे' म्हणणारा नाही म्हणायच्या तयारीत आहे. 'बट'नंतर जे येतं तेच वाचणाऱ्याच्या हातात राहतं. 'ऑलदो' हे आधीच सांगून टाकतं : ज्या अर्ध्यात मी बसलोय ते अर्धं बाजूला ठेवायचं आहे.

आता हे वाक्य बघा : 'ऑलदो यू रिसीव्ह्ड ट्वेल्व्ह डिफेक्टिव्ह पीसेस, द लॉट वॉज विदिन द अ‍ॅग्रीड लिमिट.' व्याकरणात काडीचीही चूक नाही. साहेब टिक करतील. आणि ज्याच्या असेंब्ली लाइनवर ते बारा नग अडकले, तो हे वाचून भडकेल, कारण त्याची तक्रार तुम्ही 'ऑलदो'च्या अर्ध्यात टाकून मोकळ्या झालात. तेच असं लिहा : 'द लॉट वॉज विदिन द अ‍ॅग्रीड लिमिट, बट यू रिसीव्ह्ड ट्वेल्व्ह डिफेक्टिव्ह पीसेस, अँड वी आर ट्रेसिंग दोज ट्वेल्व्ह.' तुम्ही मर्यादेत होतात हे सांगून झालं, कुठलीही माहिती लपवली नाही, आणि वजन त्याच्या बारा नगांवर गेलं. तक्रारीच्या उत्तरात मी नेहमी हे बघते की समोरच्याचं दुखणं कुठल्या अर्ध्यात पडलंय. चांगली बातमी 'बट'च्या अलीकडे, त्याचं दुखणं पलीकडे. वाटाघाटी करायच्या असतील तर क्रम फिरवा, पण मग जाणूनबुजून फिरवा.

'बट' आणखी एक चहाडी करतो. 'गरीब आणि प्रामाणिक' आणि 'गरीब पण प्रामाणिक' यांतली माहिती तंतोतंत एकच आहे. गोटलोब फ्रेगे नावाच्या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १९१८ सालच्या एका लेखात हेच दाखवलं होतं : 'आणि'च्या जागी 'पण' घातल्याने विधान खरं की खोटं हे बदलत नाही, फक्त पुढचं अपेक्षेविरुद्ध आहे असा इशारा मिळतो. तर्कशास्त्राला तो इशारा हिशेबात धरायची गरज नाही. माणसांना असते. 'गरीब पण प्रामाणिक' म्हणणाऱ्याचं गरिबांबद्दलचं मत आपल्याला कळून चुकतं. तुम्ही लिहिलंत 'द ऑपरेटर इज अ ट्रेनी, बट ही फॉलोज द प्रोसिजर', की ग्राहक विचारणार : म्हणजे तुमचे बाकीचे ट्रेनी पाळत नाहीत का? तिथे 'अँड' पुरे.

साहेबांनी अजून खोडलेलं नाही, पण कधीतरी महागात पडेल असं एक प्रकरण आहे, म्हणून न विचारता सांगते. आपलं 'तरी' घडून गेलेल्या आणि नुसत्या धरून चाललेल्या, दोन्ही गोष्टींना लागतं. 'पाऊस आला तरी सामना झाला.' 'पाऊस आला तरी सामना होईल.' पहिल्या अर्ध्यात एक अक्षर बदललेलं नाही. पाऊस खरंच आला का, हे आपल्याला शेवटच्या 'झाला' किंवा 'होईल'वरून कळतं. इंग्रजी हे पहिल्याच शब्दाला ठरवून टाकायला लावते. खरंच आला असेल तर 'ईव्हन दो'. आला तरी, असं नुसतं म्हणायचं असेल तर 'ईव्हन इफ'.

समजा तुम्ही लिहिलं : 'ईव्हन दो युअर पेमेंट इज लेट, वी विल नॉट होल्ड द शिपमेंट.' तुमच्या मनात मोठेपणा आहे, पैसे यायला उशीर झाला तरी आम्ही माल अडवणार नाही. ग्राहकाला दिसतो तो आरोप, की तुम्ही पैसे थकवलेत. त्यांचा अकाउंट्सवाला तासाभरात बँकेची पावती पाठवेल आणि साहेबांना माफीची मेल करावी लागेल. तिथे 'ईव्हन इफ' हवं होतं. उलट्या दिशेनेही घोळ होतो. फायनल इन्स्पेक्शनला तडा तुमच्याच नजरेतून सुटला, हे तुम्हाला कबूल करायचं आहे आणि तुम्ही लिहिता 'ईव्हन इफ वी मिस्ड द क्रॅक…'. वाचणाऱ्याला वाटतं, हे लोक अजून 'समजा सुटला असेल' म्हणतायत. रूट कॉजच्या, म्हणजे मूळ कारणाच्या, रकान्यात असं वाक्य म्हणजे टाळाटाळ. आणि 'ईव्हन' एकटं कधी सोडू नका. 'ईव्हन आय टोल्ड हिम' असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण त्याचा अर्थ 'मीसुद्धा त्याला सांगितलं' असा होतो, 'मी सांगितलं असूनही' असा नाही.

'असूनही'वरून 'डिस्पाइट'वर येऊ. साहेबांनी 'ऑफ' खोडलं ते योग्यच. 'इन स्पाइट ऑफ' तीन तुकड्यांचं, 'डिस्पाइट' एकट्याचं. दोन्हींचं मूळ तुच्छता, तिरस्कार अशा अर्थाच्या एकाच जुन्या फ्रेंच शब्दात आहे. इंग्रजीतही पूर्वी 'इन डिस्पाइट ऑफ' असं लांबलचक म्हणत, ते झिजत झिजत 'डिस्पाइट' एवढंच उरलं. म्हणजे तुमचं 'ऑफ' काही शतकं उशिरा आलं. (आणि 'इन स्पाइट' टाइप करताना मध्ये जागा सोडायची, दोन शब्द आहेत ते.)

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती साहेबांच्याही इंग्रजीत सापडेल. आपल्या 'ऊनही'ला कर्ता कोण याची फारशी पर्वा नसते. 'वारंवार सांगूनही त्याने फाइल पाठवली नाही' यात सांगणारी मी आणि न पाठवणारा तो. मराठीत कुणालाही यात काही खटकत नाही. हेच शब्दाला शब्द लावून इंग्रजीत गेलं की होतं 'डिस्पाइट टेलिंग हिम रिपीटेडली, ही डिड नॉट सेंड द फाइल', आणि आता सांगणाराही तोच झाला, न पाठवणाराही तोच. इंग्रजीत 'डिस्पाइट'नंतरचं 'इंग'वालं क्रियापद मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटतं. 'डिस्पाइट बीइंग न्यू, द टूल ब्रोक' ठीक आहे, नवीन असणारं आणि मोडणारं टूल एकच. कर्ते दोन असले की नाम वापरा, 'डिस्पाइट रिपीटेड रिमाइंडर्स', किंवा सरळ 'ऑलदो आय टोल्ड हिम'. यापुढे लिहिताना 'सांगूनही', 'पाठवूनही', 'तपासूनही' असं मनात आलं की थांबा आणि सांगणारा कोण, पाठवणारा कोण, हे मोजा.

बाकीची मंडळी झटपट. 'येट'मध्ये नवल आहे, आपलं 'आणि तरी' : टूल नवीन होतं, आणि तरी मोडलं. 'स्टिल' वाक्याच्या सुरुवातीला आलं की जरा बोलण्यातलं वाटतं. 'नेव्हरदलेस' आणि 'ननदलेस' यांत फरक शोधण्यात वेळ घालवू नका. दोन्ही जड आहेत, समोरच्याचे सगळे मुद्दे मान्य करून तरीही आपला निर्णय कायम ठेवायचा असेल तिथे शोभतात. 'ऑलबीइट' एखाद्या विशेषणापुरतं चालतं, अख्ख्या वाक्यासाठी ते नाही, आणि रिपोर्टात ते नसलं तर कुणाचं अडत नाही.

'ऑलदो'चा धाकटा भाऊ 'दो' तेवढा थांबून बघण्यासारखा आहे, कारण तो वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो, जे 'ऑलदो'ला कधी जमत नाही. 'इट वॉज एक्स्पेन्सिव्ह. इट वॉज गुड, दो.' आपण बोलताना नेमकं हेच करतो : 'महाग होतं. मस्त होतं पण.' म्हणून आपल्याकडचं कुणी 'इट वॉज गुड, बट' म्हणून थांबलं की समोरचा इंग्रज पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. (ऑस्ट्रेलियात आणि स्कॉटलंडमध्ये थांबणार नाही. तिथे असं शेवटचं 'बट' बोलण्यात खुशाल चालतं.) शेवटचं 'दो' गप्पांचं आहे. ज्या ग्राहकाशी अजून फोनवर दोन शब्दही झालेले नाहीत, त्याला लिहिताना नको.

राहिलं साहेबांचं 'हाउएव्हर'. इथे मी तुमच्या बाजूला आहे. वाक्याची सुरुवात 'बट'ने करू नये हा शाळेतला धाक आहे, व्याकरणात त्याला आधार नाही. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात 'बट'ने सुरू होणारी वाक्यं जागोजागी आहेत, आजच्या कुठल्याही इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखातही सापडतील. तुमची दोन वाक्यं होती तशीच बरोबर होती. साहेबांनी केलेलं एक वाक्य मात्र मोडलेलं आहे, कारण 'हाउएव्हर' वाक्यं जोडत नाही. 'बट' हा जोडणारा आहे, त्याच्या अलीकडे कॉमा पुरतो. 'हाउएव्हर' स्वतःच्या वाक्यात बसणारा शब्द आहे, त्याच्या अलीकडे पूर्णविराम हवा, नाही तर अर्धविराम, आणि त्याच्यानंतर कॉमा. तो कॉमा द्यायचा राहून गेला तर 'हाउएव्हर'चा अर्थच पालटू शकतो, 'कितीही' असा होतो : 'हाउएव्हर स्मॉल द क्रॅक, द पार्ट इज रिजेक्टेड', तडा कितीही बारीक असो, नग बाद.

मराठीत 'हाउएव्हर'चा जवळचा नातेवाईक 'पण' नाही, 'मात्र' आहे. 'मात्र' कुठे बसतो बघा. 'ऑपरेटरने मात्र जुना गेज वापरला.' 'ऑपरेटरने जुना गेज मात्र वापरला नाही.' ज्या शब्दावर बोट ठेवायचं त्याच्या मागोमाग तो जातो. 'हाउएव्हर'लाही ही सवय आहे. दोन कॉमांमध्ये घालून तुम्ही त्याला वाक्याच्या पोटात नेऊ शकता, आणि त्याच्या अलीकडे जे आलं असेल त्यावर बोट पडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे काही अमेरिकी शैलीकार तर 'हाउएव्हर' वाक्याच्या सुरुवातीला येऊच नये म्हणायचे. आता तेवढं सोवळं कुणी पाळत नाही, पण पोटातली जागा अजून उपयोगाची आहे.

साहेबांना 'तुमचं चुकलं' असं सांगायला जाऊ नका. 'सर, इथे कॉमाऐवजी फुलस्टॉप करू का, वाक्य लांब होतंय' एवढं विचारा. 'हाउएव्हर' त्यांचं राहील, वाक्य तुमचं सुधारेल. पण ते करण्याआधी हे बघा. फुलस्टॉपनंतर तुम्ही 'द ऑपरेटर, हाउएव्हर, युज्ड द ओल्ड वन' लिहिलंत तर बोट ऑपरेटरवर जातं, आणि एट-डीमध्ये एका माणसाकडे बोट दाखवलेलं ग्राहकाला आवडत नाही, त्याला पद्धतीतलं कारण हवं असतं. कॅलिब्रेशननंतर जुना गेज कुणी उचलून ठेवला नाही म्हणून तो हाताला आला, असं घडलं असेल, तर तुमचं वाक्य आहे : 'द ओल्ड वन, हाउएव्हर, वॉज स्टिल ऑन द बेंच.' तसं होतं का, हे लाइनवर जाऊन विचारून घ्या आणि मगच पाठवा.